खुर्ची दिली, किल्ली ठेवली : संस्थापकानंतर ब्रुअरी कुणाची?

#थ्रेड

१/
ऑगस्ट २०२५. अमेरिकेतील 'बोस्टन बिअर कंपनी'च्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदी जिम कुक परतले. वय ७६. याच कंपनीचे ते संस्थापक. हे पद त्यांनी २००१ मध्ये सोडले होते. मधल्या २४ वर्षांत त्या खुर्चीवर तिघेजण बसून गेले आणि अखेर खुर्ची पुन्हा मूळ पुरुषाकडे आली.

२/
व्यापारी पानांवर ही बातमी चार ओळींत संपली. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तिथे थांबायला हवे. उत्तराधिकाराचा प्रश्न फक्त राजघराण्यांचा नसतो. एका माणसाच्या हिकमतीवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक संस्थेला तो कधी ना कधी सोडवावा लागतो. बिअरच्या व्यवसायात त्याची निरनिराळी उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत देऊन झालेली आहेत.

३/
या थ्रेडचे प्रतिपादन थोडक्यात असे : संस्थापक खुर्ची देतो तेव्हा उत्तराधिकार घडत नाही, किल्ली देतो तेव्हा घडतो. किल्ली म्हणजे अंतिम निर्णयाचा अधिकार. ती कुणाला आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे संस्थापकाने स्वतःच्या हयातीत, उघडपणे ठरवले नाही, तर ते काळ ठरवतो किंवा बाजार ठरवतो.

४/
प्रथम बोस्टन. कुक (आडनावाचे लेखन जर्मन वळणाचे, उच्चार मात्र 'कुक') हे बिअर बनवणाऱ्या घराण्यातील सहाव्या पिढीचे. थोरल्या मुलाने हाच धंदा करायचा, अशी घरची रीत. तथापि वडिलांच्या काळात लहान ब्रुअऱ्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण अमेरिकेत शंभरसुद्धा ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या.

५/
त्यामुळे हार्वर्डच्या पदव्या मिळवून सल्लागार कंपनीत स्थिरावलेल्या मुलाने पुन्हा बिअरकडे वळावे, ही गोष्ट वडिलांना मुळीच रुचली नाही. तरीही माळ्यावरच्या जुन्या कागदांतून खापरपणजोबा लुई कुक यांची पाककृती बाहेर आली आणि १९८४ मध्ये कंपनी स्थापन झाली. इथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे : या घराण्याचा सहा पिढ्यांचा वारसा कसबाचा होता. कंपनीचा वारसा कसा द्यायचा, याची रीत मात्र घरात नव्हती.

६/
एप्रिल १९८५ मध्ये 'सॅम्युएल ॲडम्स बोस्टन लागर' बाजारात आली. स्वतःची ब्रुअरी नव्हती, म्हणून पिट्सबर्गच्या एका जुन्या ब्रुअरीत ती तयार करवून घेतली जाई. कुक आणि त्यांच्या सहसंस्थापक ऱ्होंडा कॉलमन बाटल्या घेऊन बोस्टनच्या बारांचे उंबरे झिजवत. ज्याला आज 'क्राफ्ट बिअर' म्हणतात, म्हणजे स्वतंत्र मालकीची, कसबावर भर देणारी, चवीसाठी ओळखली जाणारी बिअर, तिच्या पहिल्या मोठ्या यशांपैकी हे एक.

७/
नोव्हेंबर १९९५ मध्ये कंपनीने भांडवली बाजारात प्रवेश केला. त्यात एक आगळी गोष्ट केली. बिअरच्या खोक्यांसोबत कूपन देऊन सामान्य ग्राहकांना १५ डॉलरला समभाग देऊ केला, मोठ्या गुंतवणूकदारांना मात्र तोच २० डॉलरला पडला. बाजारातले तिचे सांकेतिक नावही 'सॅम'. मालकी लोकांत वाटली गेल्याचे हे चित्र मोठे लोभस होते.

८/
चित्राची दुसरी बाजू समभागांच्या रचनेत होती. समभाग दोन वर्गांचे. 'अ' वर्ग लोकांसाठी. त्याला संचालक मंडळातील अल्पसंख्य सदस्य निवडण्याचा हक्क. 'ब' वर्ग बहुसंख्य संचालक निवडणार, आणि विलीनीकरणासारख्या मोठ्या निर्णयांना त्याचीच संमती लागणार. हा संपूर्ण 'ब' वर्ग एकट्या कुक यांच्याकडे. आर्थिक मालकीतला त्यांचा वाटा निम्म्याहून बराच कमी, पण निर्णयाची किल्ली पूर्णपणे त्यांच्या खिशात.

९/
ही रचना निव्वळ हावेपोटी झाली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०११ मध्ये शिकागोची 'गूज आयलंड' बलाढ्य एबी इनबेव्हने घेतली. २०१५ मध्ये 'बॅलास्ट पॉइंट' सुमारे एक अब्ज डॉलरला विकली गेली. त्याच वर्षी 'लागुनितास'चा निम्मा हिस्सा हायनेकेनकडे गेला आणि २०१७ मध्ये उरलेलाही. बोस्टन बिअरला मात्र कुणी कुकांच्या इच्छेविरुद्ध गिळू शकले नाही. 'ब' वर्ग ही तटबंदी होती आणि तिने आपले काम चोख केले.

१०/
परंतु तटबंदी शत्रूला बाहेर ठेवते; गादीवर कोण बसणार, हे ती सांगत नाही. २००१ मध्ये मार्टिन रोपर मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ते १९९४ पासून कंपनीत होते, म्हणजे घरातलेच. त्यांची कारकीर्द १७ वर्षांची. 'ट्विस्टेड टी' वाढली, 'अँग्री ऑर्चर्ड' ही सफरचंदाची सायडर देशभर पोहोचली. कुक अध्यक्षपदी होते आणि किल्ली त्यांच्याचकडे होती. धंदा वाढता असताना या व्यवस्थेत कुणाला काही खुपले नाही.

११/
२०१८ मध्ये डेव्ह बरविक आले. पेप्सी आणि 'पीट्स कॉफी' असा त्यांचा पूर्वानुभव. संचालक मंडळात ते आधीपासून होते. २०१९ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरच्या व्यवहारात 'डॉगफिश हेड' ही ब्रुअरी सामील झाली. त्याच सुमारास 'ट्रूली' या मद्यार्कयुक्त सोडा-पेयाची लाट उसळली. मागणी अशीच चढत राहील, या हिशेबाने माल तयार झाला. २०२१ च्या उन्हाळ्यात लाट ओसरली आणि न खपलेला माल कंपनीला नष्ट करावा लागला. समभागाचा भावही त्याच वर्षी शिखरावरून कोसळला.

१२/
एप्रिल २०२४ मध्ये 'नायके'चा अनुभव असलेले मायकल स्पिलेन आले. तेही संचालक मंडळातलेच. दीड वर्ष पुरते होण्याआधीच ते पदावरून दूर झाले आणि कुक परतले. कारकिर्दींची लांबी पाहा : १७ वर्षे, ६ वर्षे, मग जेमतेम १६ महिने. धंदा अवघड होत गेला तसतशी खुर्ची अस्थिर होत गेली. किल्ली मात्र एकदाही हलली नाही.

१३/
यात तिघांची अपात्रता शोधणे सोपे आहे, पण ते वरवरचे ठरेल. ज्या रचनेत बहुसंख्य संचालक एकच व्यक्ती निवडते, तिथे कार्यकारी अधिकारी हा कारभारी असतो. यश आले तर ते संस्थापकाच्या दूरदृष्टीचे आणि अपयश आले तर ते कारभाऱ्याचे, अशी वाटणी तिथे आपोआप होते. आणि संस्थापकाचे परतणे नेहमी शक्य असते, ही जाणीवच उत्तराधिकाऱ्याचे पाऊल आखडते.

१४/
मग दुसरा मार्ग कोणता? त्यासाठी दीडशे वर्षे मागे, डेन्मार्कच्या कोपनहेगनला जावे लागेल. तिथे आणखी एक बिअरवाला अशाच हट्टाने गुणवत्तेच्या मागे लागला होता, त्याचीही ब्रुअरी पूर्णपणे त्याच्या मुठीत होती आणि त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्याचे नाव जे. सी. याकोबसेन. जन्म १८११.

१५/
१८४५ मध्ये याकोबसेनने म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीतून बव्हेरियन पद्धतीच्या बिअरचे यीस्ट कोपनहेगनला आणले. मोटार नव्हती, शीतपेटी नव्हती. वाटेत मुक्कामागणिक थंड पाणी ओतून त्याने ते जिवंत ठेवले, असे सांगतात. १८४७ मध्ये शहराबाहेरच्या टेकडीवर नवी ब्रुअरी उभी राहिली. पाच वर्षांच्या मुलाचे नाव कार्ल. टेकडीला डॅनिश शब्द 'बियर्ग'. त्यातून नाव झाले कार्ल्सबर्ग.

१६/
म्हणजे वारस ब्रुअरीच्या नावातच कोरलेला होता. त्याला परदेशी पाठवून या विद्येचे शिक्षण दिले. १८७१ मध्ये शेजारची नवी ब्रुअरी चालवायला दिली. वडिलांचा आग्रह असा की बिअर दीर्घकाळ साठवून मुरू द्यावी, उत्पादन मर्यादित ठेवावे. कार्लचे म्हणणे असे की लोकांना हवी ती बिअर हवी तितकी द्यावी. मुलाचे उत्पादन वाढत गेले आणि घरातला संवाद आटत गेला.

१७/
याच काळात याकोबसेनने दोन गोष्टी केल्या. १८७५ मध्ये ब्रुअरीत प्रयोगशाळा काढली आणि १८७६ मध्ये 'कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान' स्थापन केले. प्रतिष्ठानाच्या पाच सदस्यांची निवड करण्याचा अधिकार त्याने डेन्मार्कच्या शाही विज्ञान अकादमीला दिला. व्यापाऱ्यांना नव्हे, नातेवाइकांना नव्हे, विद्वानांच्या मंडळाला.

१८/
प्रयोगशाळेने काय केले, हे स्वतंत्र थ्रेडचे विषय आहेत. १८८३ मध्ये एमिल क्रिस्चन हान्सेनने यीस्टची एकाच पेशीपासून शुद्ध वाढ करण्याची पद्धत सिद्ध केली. बिअर अकारण नासण्याचे संकट त्यामुळे आटोक्यात आले. याकोबसेनने ती पद्धत दडवली नाही, जगाला खुली केली. १९०९ मध्ये सोरेन्सेनने आम्लता मोजण्याची 'पीएच' मोजपट्टी मांडली, तीही इथेच. शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमस कागद बुडवणाऱ्या प्रत्येकाचा संबंध अशा रीतीने एका ब्रुअरीशी जोडलेला आहे.

१९/
घरचा तंटा मात्र विकोपाला गेला. १८८२ च्या सुमारास कार्लला बाहेर पडून शेजारीच स्वतःची ब्रुअरी उभारावी लागली. भांडण नावावरूनही झाले. अखेर वडिलांची ती 'गामले' म्हणजे जुनी कार्ल्सबर्ग आणि मुलाची ती 'न्यू' म्हणजे नवी कार्ल्सबर्ग, अशी वाटणी झाली. दोघांच्या मधल्या रस्त्यालासुद्धा बाप एक नाव देई आणि मुलगा दुसरे. १८८२ च्याच मृत्युपत्राने वडिलांनी आपली ब्रुअरी प्रतिष्ठानाच्या नावे केली. ज्याचे नाव दारावर, त्यालाच वारसा नाही.

२०/
पुढे दोघांत समेट झाला. १८८७ मध्ये याकोबसेनचा रोममध्ये मृत्यू झाला, तेव्हा कार्ल जवळ होता. आणि पुढचा प्रसंग या साऱ्या कथेचा कळस आहे : १९०२ मध्ये कार्लने आपली भरभराटलेली ब्रुअरी त्याच प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केली आणि कलेसाठी एक शाखा जोडून घेतली. १९०६ मध्ये दोन्ही ब्रुअऱ्या एक झाल्या. कार्ल १९१४ पर्यंत, मृत्यूपर्यंत, त्यांचा कारभार पाहत राहिला. पण वडिलांनी उभारलेल्या नियमांच्या चौकटीत. कोपनहेगनच्या बंदरातली प्रसिद्ध 'छोटी जलपरी' ही त्यानेच शहराला दिलेली भेट आहे.

२१/
याकोबसेनने नेमके काय साधले? त्याने तीन गोष्टी वेगळ्या केल्या. कारभार व्यवस्थापकांकडे. मालकी प्रतिष्ठानाकडे. आणि उद्देश कागदावर : तात्कालिक नफ्याचा विचार बाजूला ठेवून उत्पादन परिपूर्णतेच्या जवळ नेत राहावे. बोस्टनमध्ये या तिन्ही गोष्टी आजही एकाच माणसात वसतात. तो माणूस कर्तबगार आहे, यात संशय नाही. पण माणूस मर्त्य आहे, यातही नाही.

२२/
इथे एक आक्षेप येईल : कार्ल्सबर्ग आज जगड्व्याळ कंपनी आहे, तिचे क्राफ्ट बिअरशी नाते काय? आक्षेप रास्त आहे. प्रतिष्ठान असल्याने ब्रुअरी लहान किंवा भाबडी राहते, असा दावा कुणी करू नये. शिवाय २००७ मध्ये प्रतिष्ठानाने स्वतःचा नियम बदलला. पूर्वी भांडवलाचा निम्म्याहून अधिक हिस्सा राखण्याचे बंधन होते. आता २५ टक्के भांडवल आणि ५१ टक्के मते पुरेशी ठरली. ही अ-ब वर्गाचीच युक्ती झाली.

२३/
पण नेमका इथेच मुद्दा उघड होतो. हत्यार दोन्हीकडे एकच आहे. फरक ते धरणाऱ्या हाताचा आहे. कोपनहेगनमध्ये जास्तीची मते एका संस्थेकडे आहेत, तिचे सदस्य ठराविक रीतीने बदलतात आणि तिचा हेतू लिखित आहे. दुहेरी समभाग मुळात वाईट नाहीत. त्यांना एका आयुष्याची मुदत बांधलेली असणे, हे वाईट.

२४/
किल्ली दुसऱ्या हातांत गेली की काय होते, याचीही दोन उदाहरणे आहेत. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची बंद पडत आलेली 'अँकर' ब्रुअरी वाचवली. अमेरिकी क्राफ्ट बिअरची गंगोत्री तीच मानली जाते. २०१० मध्ये त्यांनी ती विकली. २०१७ मध्ये ती जपानच्या साप्पोरोकडे गेली. २०१९ मध्ये कामगारांनी संघटना बांधली. जुलै २०२३ मध्ये १८९६ पासूनची ही ब्रुअरी बंद करत असल्याचे जाहीर झाले. पुढल्या वर्षी एका उद्योजकाने ती विकत घेतली, हे खरे. पण ज्यांचे हात त्या भांड्यांवर राबले, त्यांची साखळी तुटली ती तुटलीच.

२५/
दुसरे, कोलोरॅडोची 'न्यू बेल्जियम'. संस्थापक किम जॉर्डन यांनी किल्ली कामगारांच्याच हाती दिली. २०१२ च्या अखेरीस कंपनी पूर्णतः कर्मचाऱ्यांच्या मालकीची झाली. याहून न्याय्य उत्तर सुचणे कठीण. तरीही २०१९ मध्ये ती जपानच्या किरीन समूहाला विकली गेली, आणि विक्रीला कर्मचाऱ्यांनीच मान्यता दिली. निवृत्तीची पुंजी मिळत असताना त्यांनी नाही म्हणावे, ही अपेक्षा दूर बसून करणे सोपे आहे. यातून शिकायचे ते एवढेच की नुसती मालकी वाटून उद्देश टिकत नाही; विक्रीच्या दाराला कडी लावायची की नाही, हेही आधी ठरवावे लागते.

२६/
चारही उदाहरणे शेजारी ठेवली तर असे दिसते. मेटॅगनी किल्ली विकली. जॉर्डननी ती वाटली. कुकांनी ती जपली. याकोबसेनने ती स्वतःच्याच हातांनी अशा पेटीत ठेवली, जी त्याला वा त्याच्या मुलालाही एकट्याने उघडता येणार नव्हती. चौघांपैकी सर्वांत कठोर तोच ठरला. पोटच्या मुलाशी अन्याय करण्याइतका कठोर. त्या कठोरपणाची किंमत कार्लने मोजली, हे विसरून त्याचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२७/
म्हणून याकोबसेनचे सर्वस्वी अनुकरण करावे, असे म्हणणे नाही. त्याने अकादमीशी जसा संवाद साधला तसा मुलाशी साधला असता, तर वीस वर्षांची फरपट टळली असती. घेण्याजोगी गोष्ट एकच : आपण असताना आपलेच हात बांधण्याचे धैर्य. संस्थापक थकल्यावर केलेली व्यवस्था ही निरवानिरव असते. तो समर्थ असताना केलेली व्यवस्था ही घटना असते. दोन्हींच्या आयुर्मानात पिढ्यांचे अंतर पडते.

२८/
जिम कुक यांचे पुनरागमन यशस्वी होवो. बोस्टनच्या ब्रुअरीत राबणाऱ्यांच्या दृष्टीने ते व्हायलाच हवे. परंतु इतिहास त्यांचे मोल विक्रीच्या आकड्यांवरून करणार नाही. संस्थापकाने संकटात धावून येणे हा पराक्रम खराच; पण पुन्हा कधी धावून यावे लागणार नाही अशी घडी बसवणे, हा त्याहून मोठा. चौथा उत्तराधिकारी कोण, हा त्यामुळे दुय्यम प्रश्न. त्याच्या हाती नुसती खुर्ची पडते की किल्लीसुद्धा, आणि किल्लीसोबत कोणत्या लिखित अटी असतात, यावर चाळीस वर्षांच्या परिश्रमांचे भवितव्य ठरेल.

मतभेद असल्यास जरूर मांडावेत. विशेषतः कर्मचारी-मालकीच्या बाजूने.

(थ्रेड समाप्त)

#इतिहास #उद्योगाचाइतिहास #उत्तराधिकार